जोतिबाच्या डोंगरावरील सूर्योदय आणि आमची एक चूक

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या एका माजी विद्यार्थिनीचें पत्र आलें. ही मुलगी आळत्याची. दहा-बारा वर्षांपूर्वीं ती आमच्या हाताखालीं भूगोल शिकली. आतां पुण्यास नोकरी करिते. सुटींत ती यजमानांसह प्रथम मॉरिशस बेटावर व तेथून शेजारच्या रेयुनियन बेटावर गेली होती. हल्लीं पत्रें लिहिण्याची चाल उरलेली नाहीं. परंतु तिनें चांगलें चार पानी पत्र लिहिलें, आणि मागाहून भ्रमणध्वनीवरून छायाचित्रेंही पाठविलीं. डोंगराच्या कुशींतील एका विश्रामगृहांत अर्धी रात्र काढून, कपाळाला दिवा बांधून, काळोखांत दगडगोट्यांची वाट चढत ती ‘पितों दे नेज’ नांवाच्या शिखरावर पोंचली, आणि हिंदी महासागरांतून वर येणारा सूर्य तिनें तेथून पाहिला. “गुरुजी,” ती लिहिते, “उजाडल्यावर पायाखालचा दगड उचलून पाहिला, तर तो अगदीं आमच्या घराच्या जोत्याचा दगड! तेव्हां तुमचा तास आठवला. आपला जोतिबाही असाच निवालेला ज्वालामुखी आहे, असें तुम्हीं फळ्यावर चित्र काढून दाखविलें होतें. मीं तेथें बरोबरच्या सर्वांना तें सांगितलें.”

हें वाचून आम्हांस आधीं फार आनंद झाला. वर्गांत सांगितलेली गोष्ट सातासमुद्रांपलीकडे कोणास आठवावी, यापरतें समाधान शिक्षकाला दुसरें कोणतें? उत्तर लिहितांना जोतिबाविषयीं आणखी चार गोष्टी कळवाव्या म्हणून आम्हीं पुस्तकें काढलीं, आणि तेथें आमची पंचाईत झाली. जोतिबाचा डोंगर ज्वालामुखी आहे, असें कोणत्याच पुस्तकांत आढळेना. शेवटीं कोल्हापुरांतील एका महाविद्यालयांत भूशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांकडे गेलों. ते हंसले नाहींत, ही त्यांची सज्जनता. “दगड ज्वालामुखीचा, हें खरें,” ते म्हणाले, “पण तो डोंगर ज्वालामुखी नव्हे. एकदां तेथें जाऊन थर आडवे आहेत कीं उतरते, तेवढें पाहा.”

चूक एका विद्यार्थिनीपुरती असती, तर एका पत्रानें भागलें असतें. परंतु पंधरा-सोळा वर्षें नववीच्या प्रत्येक वर्गास आम्हीं तेंच चित्र काढून दाखविलें आहे. खालीं पांढऱ्या खडूचा शंकु, वर लाल खडूच्या ज्वाळा, आणि बाजूला नांव ‘जोतिबा’. मुलांना तें चित्र फार आवडे. आम्हांलाही आवडे, हें कबूल केलें पाहिजे. त्या वर्गांतील कित्येक मुलें आतां स्वतः आईबाप झालीं आहेत, आणि त्यांचीं मुलें याच शाळेंत येतात. म्हणजे आमची चूक आमच्यापुढें वर्गांत येऊन बसूं लागली आहे. म्हणून हा लेख. यंदा जानेवारींत आम्ही नववीच्या मुलांमुलींसह जोतिबाच्या डोंगरावर सूर्योदय पाहण्यास गेलों होतों, त्याची हकीकतही त्यांत ओघानें येईलच.

ज्वालामुखीच्या माथ्यावरून सूर्योदय पाहण्याची हौस जगांत बऱ्याच ठिकाणीं आहे. जपानांत फुजी पर्वत १२,३०० फुटांहून उंच आहे. उन्हाळ्यांत हजारों लोक रात्रभर चढून पहाटे त्याच्या माथ्यावर पोंचतात, आणि तेथील सूर्योदयाला त्यांच्या भाषेंत एक निराळें आदरार्थी नांवही आहे. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांपैकीं माउई बेटावर हालेआकाला नांवाचा १०,०२३ फूट उंचीचा ज्वालामुखी आहे. हालेआकाला म्हणजे ‘सूर्याचें घर’. तेथील जुन्या लोकांची कथा अशी कीं, सूर्य आकाशांतून फार घाईनें धांवे, त्यामुळें माउई नांवाच्या वीराच्या आईनें वाळत घातलेलीं वस्त्रें वाळेनात. तेव्हां त्यानें या पर्वतावर दबा धरून सूर्याचे किरण दोरखंडांनीं जखडले, आणि सावकाश चालण्याचें वचन घेऊनच त्याला सोडलें. आतां त्या घरीं सूर्य पाहावयास इतकी गर्दी होते कीं, २०१७ सालापासून पहाटेच्या प्रवेशासाठीं आगाऊ नोंदणी करावी लागते.

या हौसेला तसें कारणही आहे. बेटावरील ज्वालामुखी समुद्रांतूनच वर आलेला असतो. त्याच्या व क्षितिजाच्या मध्यें दुसरा डोंगर नसतो. शिवाय त्या प्रदेशांत व्यापारी वाऱ्यांबरोबर येणारे ढग बहुधा सहा-सात हजार फुटांच्या आसपास अडकून पडतात. त्यांच्यावर गरम हवेचा एक थर झांकणासारखा बसलेला असतो, त्यामुळें ते वर चढूं शकत नाहींत. दहा हजार फुटांवर उभा असलेला मनुष्य त्या झांकणाच्याही वर असतो. त्याच्या पायाखालीं ढगांचा समुद्र आणि डोक्यावर निरभ्र आकाश. आमच्या विद्यार्थिनीनें पाठविलेल्या छायाचित्रांत पाण्याचा थेंब दिसत नाहीं, सगळा कापूसच दिसतो, याचें कारण हें.

आपल्या देशांत आज जागृत म्हणावा असा ज्वालामुखी एकच, अंदमानांतील बॅरन बेटाचा. जवळजवळ दीड शतक निपचित पडून राहिल्यावर १९९१ मध्यें तो पुन्हा धुमसूं लागला. तेथें मनुष्यवस्ती नाहीं, आणि सहल काढण्याजोगें तें स्थळही नव्हे. तेव्हां हातकणंगल्याच्या मुलांना जवळचा डोंगर कोणता? जोतिबा.

हा डोंगर कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें सतरा किलोमीटरांवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ३,१०० फुटांच्या आसपास, आणि भोवतालच्या सपाटीपासून बाराशें-तेराशें फूट. त्याच्या अंगावर वाडी रत्नागिरी हें गांव व ज्योतिबाचें प्रसिद्ध देवालय आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत गुलालानें सगळा डोंगर लाल होतो, तें आमच्या बहुतेक मुलांनीं लहानपणीं वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेलें आहे. दुरून हा डोंगर शेंडा छाटलेल्या शंकूसारखा दिसतो, आणि येथेंच आम्ही फसलों. शालेय पुस्तकांत ज्वालामुखीचें चित्र म्हटलें कीं फुजीचें, आणि आमच्या खिडकींतून दिसणारा शंकु म्हटला कीं जोतिबा. दोहोंची सांगड घालण्यास फारशी विद्वत्ता लागली नाहीं.

आतां खरी गोष्ट. पृथ्वीच्या पोटांतून वितळलेला खडक, म्हणजे लाव्हा, वर येतो तेव्हां त्याचा डोंगर होईल कीं मैदान होईल, हें बरेंचसें त्याच्या दाटपणावर अवलंबून असतें. गुऱ्हाळावर जाणाऱ्या मुलांना हें सांगावयास नको. काहिलींतला रस कच्चा असतांना वाफ्यांत ओतला, तर तो चहूंकडे पसरून सपाट होतो. पक्का होऊन दाटला, म्हणजे उलथन्यानें त्याचा ढीगसुद्धां घालतां येतो. लाव्ह्यांत सिलिका जितकी अधिक तितका तो चिकट. कित्येक पर्वत बऱ्यापैकीं चिकट लाव्हा व राख यांच्या राशी एकावर एक पडून शंकूसारखे उंच होतात. दख्खनचा लाव्हा तसा नव्हता. त्यांत सिलिका सुमारें निम्मीच. तो पातळ काकवीसारखा वाहणारा होता. आणि तो एखाद्या उंच तोंडांतून उडाला नाहीं; जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर येऊन पसरला. अशा भेगांच्या खुणा नाशिक, इगतपुरी, कल्याण या बाजूस, कोंकणांत, आणि नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत विशेष सांपडतात. त्यांचा पसारा केवढा, हें कळण्यास एकच उदाहरण पुरे. आंध्रांत गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीस जो काळा खडक आहे, तोही दख्खनच्या लाव्ह्याचाच ओघ असावा, असें अनेक शास्त्रज्ञ मानतात.

हें केव्हां झालें? सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं. एक थर पसरला, थिजला. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मधला काळ कधीं थोडा, कधीं पुष्कळ. एखाद्या घाटांत रस्त्यासाठीं डोंगर कापलेला असतो तेथें दोन काळ्या थरांच्या मध्यें विटकरी मातीचा हात-दोन हात जाडीचा पट्टा पुष्कळांनीं पाहिला असेल. वरचा लाव्हा येण्यापूर्वीं खालच्या थरावर ऊनपाऊस पडून त्याची माती झाली होती, ती ही. मागाहून आलेल्या लाव्ह्याखालीं ती भाजून निघाली. हे सर्व थर मिळून सह्याद्रीजवळ दीड-दोन किलोमीटर जाडी भरते. पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस जमिनींत खोल भोंक पाडून पाहिलें, तेव्हां सुमारें ३४० मीटरांवरच हा खडक संपून त्याच्या खालचा फार प्राचीन खडक लागला. आजही सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर भूमि या काळवत्री दगडानें झांकलेली आहे. आपलीं जोतीं, जातीं, पाटे-वरवंटे, विहिरींचे कांठ आणि जोतिबाचें देऊळसुद्धां त्याच दगडाचें.

मग सपाट पसरलेल्या या थरांतून शंकूसारखा डोंगर निघाला कसा? भाकऱ्यांची एक मोठी चवड ताटांत आहे, आणि चारी बाजूंनीं मुलें तिचे तुकडे तोडीत आहेत, असें समजा. शेवटीं मध्यें जो उंचवटा उरेल तो शंकूसारखाच दिसेल. परंतु कोणी मुद्दाम शंकु रचला होता असें आपण म्हणणार नाहीं. उत्तरेकडून वारणेनें व तिच्या ओढ्यांनीं, दक्षिणेकडून पंचगंगेनें हीच चवड लाखों वर्षें कुरतडली. दोघींच्या मध्यें जी धार उरली ती पन्हाळ्यापासून निघून जोतिबावरून पूर्वेकडे आळते व कुंभोजच्या बाजूस उतरत गेली आहे. म्हणजे शाळेच्या पटांगणांतून उत्तरेस जे आळत्याचे डोंगर दिसतात, ते आणि जोतिबा एकाच धारेचे तुकडे आहेत. ज्वालामुखी भर पडून वाढतो. जोतिबा भोवतालचें सर्व झिजून गेल्यामुळें उरला आहे.

प्राध्यापकांनीं सांगितलेल्या परीक्षेचें मर्म हेंच. ज्वालामुखीच्या शंकूचे थर मुखापासून चोहोंकडे घराच्या छपराप्रमाणें उतरते असतात. झिजून उरलेल्या डोंगराचे थर जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें आडवे असतात. युरोपांत पूर्वीं या खडकाला नांवही ‘पायरी’ या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरूनच पडलें. ‘दख्खन ट्रॅप’ मधला ‘ट्रॅप’ तो हा.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारीं, पालकांच्या चिठ्ठ्या घेऊन, सदतीस मुलेंमुली, एक शिक्षिका व आम्ही दोघे शिक्षक असे पहाटे चार वाजतां निघालों. महिना मुद्दामच निवडला होता. वर्षांतील सर्वांत लहान दिवस डिसेंबरांत येत असला, तरी आपल्याकडे सर्वांत उशिरा सूर्य उगवतो तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. त्यामुळें मुलांची झोंप थोडी कमी मोडते. कोल्हापुराजवळ पंचगंगा ओलांडतांना गाडींत अशी थंडी भरली कीं, सर्वांनीं कानटोप्या ओढून घेतल्या. वर याहून भयंकर असणार, म्हणून आम्ही धास्तावलों होतों. परंतु डोंगरावर उतरतों तों हवा खालच्यापेक्षां उबदार! उंचीबरोबर हवा थंड होत जाते, असें आपण शिकतों, व तें सामान्यतः खरेंही आहे. पितों दे नेजवर आमची विद्यार्थिनी त्याच कारणानें कुडकुडत होती. परंतु हिंवाळ्यांतील निरभ्र व शांत रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशांत टाकून गार पडते. तिच्या लगतची हवाही गार व जड होऊन पाण्यासारखी उतारावरून खोऱ्यांत जाऊन सांठते. वर राहते ती तुलनेनें उबदार हवा. बेटांवर ढगांना अडविणारें जें झांकण आम्हीं वर सांगितलें, त्याच जातीचें हें लहान, रात्रीपुरतें झांकण.

उजाडूं लागलें तसें तें झांकण डोळ्यांना दिसूंही लागलें. पंचगंगेचें खोरें धुक्यानें भरून गेलें होतें, आणि कोठें कोठें गुऱ्हाळांचा धूर सरळ वर येऊन एका ठराविक उंचीवर जणूं छताला लागून आडवा पसरत होता. आमच्या मुलांनीं गुऱ्हाळें खालून शेंकडों वेळां पाहिलीं आहेत. त्यांचा धूर वरून पाहण्याची वेळ पहिलीच.

आपल्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ वर चढतो, म्हणून पहांट लवकर आटोपते. पूर्वेस अंधूक पांढुरकें दिसूं लागल्यापासून सूर्यबिंब येईपर्यंत सव्वा तासाच्या आसपास, आणि त्यांतला वस्तु स्पष्ट दिसण्याजोगा उजेड शेवटच्या वीस-बावीस मिनिटांचा. इंग्लंडांत हाच कार्यक्रम पुष्कळ लांबतो. तांबडा व नारिंगी रंग कां, हें पाठ्यपुस्तकांत आहे, तरी थोडक्यांत सांगतों. उगवतीच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्याच्या किरणांपेक्षां जवळजवळ चाळीसपट हवा ओलांडून यावें लागतें. तेवढ्या वाटेंत निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरला जातो, आणि तांबडा पुष्कळसा वांचून आपल्यापर्यंत पोंचतो.

त्याहून मौजेची गोष्ट दुसरी आहे. सूर्य क्षितिजाला टेंकून पूर्ण वर आलेला जेव्हां दिसतो, तेव्हां तो खरोखर अजून क्षितिजाखालींच असतो. एका वाटींत रुपया ठेवून, तो कडेआड होईपर्यंत मागें सरावें, आणि दुसऱ्या कोणी वाटींत पाणी ओतावें. रुपया जागचा न हलतां पुन्हा दिसूं लागतो. पाण्यांतून हवेंत येतांना किरण वळतो, त्याचा हा परिणाम. पृथ्वीभोंवतालच्या हवेंतही वरून खालीं येतांना किरण असाच वळतो, आणि क्षितिजाजवळ सूर्याला सुमारें ३४ कलांनीं वर उचलून दाखवितो. (एका अंशाच्या साठ कला.) सूर्याच्या बिंबाची रुंदी सुमारें ३२ कला. म्हणजे सबंध बिंबापेक्षां थोडें अधिकच! शिवाय बिंबाची खालची कड वरच्यापेक्षां अधिक उचलली जाते, त्यामुळें उगवता सूर्य वाटोळा न दिसतां थोडा दबलेला दिसतो.

मुलांनीं वर्गांत एक गणित करून आणलें होतें. डोंगरावर सूर्य किती आधीं दिसावा? माथा सपाटीपासून चारशें मीटरांच्या आंतबाहेर उंच, म्हणून तेथून क्षितिज सुमारें सत्तर किलोमीटर दूर जातें. त्या दिवसांत सूर्य इचलकरंजीच्या बाजूनें वर येतो. म्हणजे आमचें क्षितिज इचलकरंजी मागें टाकून कर्नाटकाच्या हद्दींत गेलें होतें. क्षितिज दूर जातें तसें तें खालींही जातें, येथें सुमारें ३५ कला. आणि तेवढें चढण्यास सूर्याला अडीच मिनिटें लागतात. दुसऱ्या बाजूनें पाहतां हातकणंगलें जोतिबाच्या पूर्वेस जवळजवळ तीस किलोमीटर आहे, म्हणून सपाटीवरचा सूर्य तेथें एक मिनिट आधीं उगवतो. अडीचांतून एक वजा जातां दीड मिनिट. गांवीं राहिलेल्या एका मुलाला घड्याळ लावून शाळेच्या गच्चीवर उभें केलें होतें, व त्याच्यावर दीड मिनिटाची मात करण्याचा आमचा बेत होता.

तो बेत फसला. क्षितिजावर धूळ व धुकें यांचा करडा पट्टा बसला होता, आणि सूर्य त्यांतून बाहेर आला तोंवर पंचांगांतली वेळ केव्हांच टळून गेली होती. तिकडे गच्चीवरच्या मुलाला तर उंसाच्या फडापलीकडचें कांहींच दिसेना. गणित बरोबर होतें कीं चुकलें, हें त्या दिवशीं ठरलें नाहीं. पुढच्या नववीनें ऑक्टोबरांत, पावसानें हवा धुवून निघाल्यावर, पुन्हा पाहावें.

परंतु बिंब आलें तें पाहण्यासारखें आलें. धुक्याच्या पट्ट्यांतून आधीं एक तांबडी कड, मग अर्धी भाकर, मग सबंध. आणि खालीं सगळें खोरें दुधावर केशर पडावें तसें झालें. नेहमीं बडबडणारीं मुलें दोन-तीन मिनिटें गप्प होतीं. आम्हीही पूर्वेकडेच पाहत राहिलों असतों. पण एक मुलगा पाठ फिरवून उभा होता. शिस्तीबद्दल त्यास बोलणार, तोंच तो म्हणाला, “गुरुजी, ज्वालामुखी तिकडं आहे.”

सर्वजण पश्चिमेस धांवलों. पन्हाळ्याच्या दिशेनें, धुक्यावर व दूरच्या उतारांवर, एक प्रचंड निळसर त्रिकोण पडला होता. दोन्ही कडा सरळ, टोंक अणकुचीदार. आम्हीं पंधरा वर्षें फळ्यावर काढलेलाच शंकु! ती जोतिबाच्या डोंगराची सांवली होती.

हा प्रकार हालेआकालावर व जगांतील पुष्कळ उंच शिखरांवर दिसतो, आणि त्यांतली गंमत अशी कीं, डोंगराचा माथा सपाट असला तरी सांवली टोंकदारच दिसते. हातकणंगल्याच्या स्टेशनावर उभें राहून मिरजेकडे पाहावें. रुळ सर्वत्र सारख्याच अंतरावर असून दूर एका बिंदूंत मिळालेले दिसतात. सूर्य क्षितिजावर असतांना डोंगराची सांवली अशीच कित्येक किलोमीटर लांब पडते. आपण तिच्या मुळाशीं उभे असतों, म्हणून तिच्या दोन्ही कडा दूर जातां जातां एकत्र येतात. म्हणजे या त्रिकोणाचा आकार डोंगराचा नसून अंतराचा आहे. सूर्य चढला तशी सांवली आंखडत आली, आणि दहा-पंधरा मिनिटांत डोंगराच्या पायथ्याच्या शेतांत नाहींशी झाली.

उतरतांना आम्हीं गाडी पुढें पाठविली व पायीं निघालों. बरोबर गवंड्याची पाणसळ घेतली होती. जेथें जेथें खडकाचा थर उघडा दिसे, तेथें तेथें मुली ती धरून पाहत. कोठें किंचित् कमी-अधिक, पण छपरासारखा उतार कोठेंच नाहीं. दूर पन्हाळ्याच्या अंगावरील पायऱ्याही आडव्याच. एका मुलीनें वहींत लिहिलें, “थर आडवे आहेत, म्हणून गुरुजींचें चित्र चूक.” या वाक्याला आम्हीं पैकींच्या पैकीं गुण दिले आहेत.

आतां आळत्याच्या त्या विद्यार्थिनीकडे वळूं. कारण तिनें उचललेल्या दगडाची गोष्ट राहिली आहे, आणि ती तिच्या कल्पनेपेक्षां मोठी आहे.

रेयुनियन हें फ्रान्सच्या ताब्यांतील बेट, मॉरिशसपासून सुमारें सव्वादोनशें किलोमीटरांवर. पितों दे नेज हें त्याचें सर्वोच्च शिखर, दहा हजार फुटांहून थोडें अधिक. तें आतां निवालेलें आहे. त्याच बेटावर दुसरा ज्वालामुखी आहे, पितों द ला फुर्नेझ, म्हणजे भट्टीचें शिखर. तो मात्र जगांतील अति जागृत ज्वालामुखींपैकीं एक आहे. एप्रिल २००७ मध्यें त्याच्या माथ्यावरील विवराचा तळ कांहीं दिवसांत सुमारें तीनशें मीटर खचला. या भट्टीखालीं पृथ्वीच्या पोटांत फार खोलवरून वर येणारा एक उष्ण प्रवाह आहे. पुष्कळ भूशास्त्रज्ञांचें मत असें कीं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनचा लाव्हा ज्या उष्णतेनें वर आला, ती हीच. कांहीं विद्वानांना हें मान्य नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. एकदां पोळलों असल्यामुळें आम्ही आतां जपून बोलतों.

ती उष्णता येथून तेथें कशी गेली? ती फारशी गेली नाहीं, आपण गेलों. त्या काळीं हिंदुस्थानची भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, आणि ती उत्तरेकडे सरकत होती. मेणबत्तीच्या ज्योतीवरून एक पुठ्ठा सावकाश सरकवीत न्यावा. ज्योत जागीं राहते, पुठ्ठ्यावर करपल्याची रेघ उमटत जाते. समुद्राच्या तळाशीं तशी रेघ खरोखरच आहे. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॅस्करीन पठार, मग मॉरिशस, आणि शेवटीं रेयुनियन. लक्षद्वीप-मालदीवचीं बेटें वरून पोंवळ्यांचीं, परंतु त्यांचा पाया याच लाव्ह्याचा आहे. उत्तरेच्या टोंकाचा खडक सर्वांत जुना, दक्षिणेचा सर्वांत नवा. मॉरिशस अवघें ऐंशी-नव्वद लाख वर्षांचें, आणि रेयुनियन त्याहूनही पुष्कळ लहान.

मॉरिशसांत आज मराठी कुटुंबें आहेत. १८३४ नंतरच्या काळांत उंसाच्या मळ्यांवर करारानें काम करावयास जे मजूर हिंदुस्थानांतून गेले, त्यांत कोंकणचे लोकही होते. त्यांचे वंशज गणेशचतुर्थी पाळतात, तिची तेथें सरकारी सुटी असते, आणि शाळांतून मराठी शिकविली जाते. आमच्या विद्यार्थिनीची अशा एका घरीं ओळख झाली. घरच्या आजीबाईंनीं तिला अंगणांतला काळ्या दगडाचा पाटा दाखविला, व हा आमच्या पणजोबांनीं आणला कीं येथेंच घडविला, हें आतां कोणास आठवत नाहीं, असें सांगितलें. दगडाकडे पाहून तें ओळखणें कठीणच.

तिला आम्हीं उत्तर लिहिलें तें असें. दगडाविषयीं तुझें म्हणणें बरोबर, आमच्याहूनही बरोबर. डोंगराविषयीं आमचें चुकलें. आणि ज्यांना तूं शिखरावर सांगितलेंस त्यांपैकीं कोणाचा पत्ता असेल, तर त्यांनाही कळीव. तिचें उलट उत्तर आलें, कीं बरोबरच्यांत एक जर्मन शिक्षक होते, त्यांना तिनें कळविलें आहे.

राहिले येथील वाचक. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे नववीच्या भूगोलाची जुनी वही अजून असेल, त्यांनीं ‘महाराष्ट्राचे खडक’ या धड्यांतील ‘जोतिबा हा मृत ज्वालामुखी आहे’ ही ओळ खोडावी, आणि तेथें ‘जोतिबा हा लाव्ह्याच्या आडव्या थरांचा झिजून उरलेला डोंगर आहे’ असें लिहावें. चित्र खोडण्याचें कारण नाहीं. नांव तेवढें बदलून त्याखालीं ‘फुजी’ असें घालावें, म्हणजे झालें.